अडवून ठेवलेली जागा

(मिनेसोटाच्या उत्तरेकडचं खाणीचं गाव. ऑगस्टमधला शनिवार. स्वयंपाकघरातल्या मोठ्या टेबलावर फुलाफुलांची चादर, तिच्यावर पोतीत्साचं, म्हणजे अक्रोड भरून गुंडाळायच्या गोड पावाचं, पीठ. भोवती तिघी: मा, तिची मुलगी डॉरीन आणि सून ॲनिका. ॲनिकाची लेक टिली शेजारच्या उंच खुर्चीत.)

डॉरीन: ...आणि कॉलेजच्या ऑफिसातली ती वांडा मला फोनवर म्हणते, "अभिनंदन, तुम्ही पहिल्या नंबरावर आहात." वेटिंगवर पहिला नंबर! अभिनंदन कसलं करतेस, बाई? दाराबाहेरच उभी आहे ना मी अजून?

मा: हात खाली घाल. पिठाच्या खाली. वरून ओढू नको.

डॉरीन: खालीच आहेत. ॲनिकाची बाजू जाड राहिलीय, तिला सांग.

ॲनिका: हो, ओढते. टिलीनं तोंडात काय घातलं?

मा: लाकडी चमचा. मीच दिलाय.

ॲनिका: त्याचा टवका नाही ना उडालेला कुठे?

डॉरीन: अगं, दात येताना तोच चमचा चावून मी आणि तुझा नवरा मोठे झालो. माझं काही बिघडलं नाही. मार्टीचं जे काय बिघडलंय ते चमच्यानं नाही.

मा: डॉरीन, सरक. खिडकीकडे जा. चादरीवरची फुलं पिठातून दिसली पाहिजेत, मग थांबायचं. तोवर ओढत राहायचं, आणि मध्येच कुणी सोडायचं नाही. चर्चच्या गेल्या मेळ्यात त्या अगाथाची पोतीत्सा जाड होती. लोक अजून बोलतात.

डॉरीन: लोकांना काम काय दुसरं? तर ऐक ॲनिका. एक्स-रेच्या कोर्सला जागा मोजक्या, कारण हॉस्पिटल तेवढ्यांनाच आत शिकायला घेतं. सगळ्या भरल्यात. पण एकानं अजून येतो की नाही ते कळवलेलंच नाही. सोमवारी दुपारपर्यंत मुदत आहे म्हणे. तोवर तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. नुसता बसलाय जागा अडवून.

मा: मग त्याला विचारत का नाहीत?

डॉरीन: विचारत नाहीत, मा. तिथली रीतच आहे ती. पोरं तीन-तीन कोर्सना नावं टाकून ठेवतात, शेवटच्या दिवशी दोन सोडतात. आणि काही शहाणे तर सोडायलाही विसरतात. मागच्या वर्षी काय झालं? मी वेटिंगवरच होते. एकीनं सोडलं नाही, आणि पहिल्या दिवशी ती आलीच नाही. मुदत संपली होती, त्यामुळे ती जागा मलाही मिळाली नाही. वर्षभर त्या वर्गात एक खुर्ची रिकामी राहिली. मी इकडे वृद्धाश्रमात आजोबांना पलंगावरून उचलतेय, आणि तिकडे ती खुर्ची ऐटीत बसलीय.

ॲनिका: मागच्या वर्षीसुद्धा तू अर्ज केला होतास? आम्हाला बोलली नाहीस कधी.

डॉरीन: न मिळालेल्या गोष्टी काय दवंडी पिटून सांगायच्या? या वर्षीही सांगणार नव्हते. जुलैत कंबर धरली, चार दिवस आडवी होते, तेव्हा मा-ला कळलं, म्हणून तुम्हाला कळलं.

ॲनिका: हो. जुलैतच कळलं.

मा: ॲनिका, फोनकडे सारखी काय बघतेस? हात पिठाचे आहेत.

ॲनिका: मार्टीचा मेसेज येईल म्हणून. आज खाणीत पाळी संपल्यावर मीटिंग आहे ना त्यांची.

मा: काय सांगणारेत नवीन? थंडी सुरू झाली की खाण बंद ठेवणार. माझ्या लग्नापासून हेच चाललंय. बंद ठेवतात, मग उघडतात.

डॉरीन: एखाद्या वेळी नाही उघडत. म्हणून तर बाईसाहेब कॉलेजला निघाल्यात. काय गं, ठरलं का तुझं? तू पण तीन कोर्स म्हणत होतीस ना? दवाखान्याच्या बिलांचा एक. घरबसल्या बिलांवर आजारांचे नंबर टाकायचे. आणि बाकीचे?

ॲनिका: आहेत असेच. बघतेय अजून. टिली, नको, चमचा खाली टाकू नको, बाळा.

डॉरीन: पंधरा दिवसांपूर्वी पण बघतच होतीस. चार वर्षांची एक डिग्री आहे गाठीला, आता किती बघशील?

ॲनिका: त्या डिग्रीच्या वेळी नव्हतं ना बघितलं. जुन्या चित्रांचा इतिहास. अठरा वर्षांची होते, चित्रं आवडायची, घेऊन टाकला. आणि आता शाळेच्या ऑफिसात अर्धा दिवस फोन उचलते. एकदा चुकलं, डॉरीन. आता टिली आहे. आता चुकून नाही चालणार.

मा: तिला तहान लागलीय. कप पुढे करतेय बघ. थांबा, मी देते, माझे हात मोकळे आहेत. नळ जरा वाहू दे आधी.

डॉरीन: मा, हे काय गं? लहानपणापासून बघतेय. नळ उघडला की आधी वाहू द्यायचा. का?

मा: माझी आई वाहू द्यायची.

डॉरीन: झालं शास्त्र! बरं, ॲनिका, माझं एक काम कर. तुला शब्द येतात. चार ओळी सांग, मी रात्री टाईप करून वांडाला पाठवते. त्या जागा अडवणाऱ्या माणसाला जरा जाग आणा, असं. पण सभ्य भाषेत. माझ्या भाषेत लिहिलं तर मला वेटिंगवरूनही काढतील.

ॲनिका: आत्ता?

डॉरीन: हात अडकलेत, तोंड मोकळं आहे ना? सांग.

ॲनिका: "प्रिय वांडा..."

डॉरीन: "प्रिय" कशाला? बरं, राहू दे. पुढे?

ॲनिका: "एक्स-रेच्या कोर्ससाठी मी वेटिंगवर आहे. मला कळलं की एका उमेदवारानं अजून काही कळवलेलं नाही. आपण त्या व्यक्तीशी संपर्क साधून... तिची काही अडचण असल्यास समजून घेऊन..."

डॉरीन: अडचण? कसली अडचण?

ॲनिका: म्हणजे, असू शकते. "कदाचित ती व्यक्ती गोंधळलेली असेल, आणि तिचा कुणाचंही नुकसान करायचा हेतू नसेल..."

डॉरीन: ए, थांब. तू पत्र माझ्या बाजूनं लिहितेयस की त्याच्या?

ॲनिका: दोन्ही बाजू मांडल्या की पत्र चांगलं होतं.

डॉरीन: मला चांगलं पत्र नकोय, मला जागा हवीय! लिही, की मी चौदा वर्षं माणसं उचलतेय. लिही, की मला अंधाऱ्या खोलीत उभं राहून लोकांची हाडं बघायचीत, आणि त्यांना फक्त "श्वास रोखा" एवढंच सांगायचंय. कुणाला उचलायचं नाही. आणि लिही, की जो कोणी बसलाय त्याला म्हणावं, ऊठ.

ॲनिका: "...तिला कदाचित लहान मूल असेल..."

मा: ॲनिका. तुझे हात थांबले.

ॲनिका: डॉरीन, ती मी आहे.

डॉरीन: कोण ती?

ॲनिका: जागा माझ्या नावावर आहे. अडवून ठेवलेली. मी जानेवारीत अर्ज केला. तेव्हा मला माहीत नव्हतं तू पण आहेस. देवाशप्पथ माहीत नव्हतं.

मा: सोडू नको! डॉरीन, हात तिथेच ठेव. दोघी. आत्ता सोडलंत तर मधोमध फाटेल.

डॉरीन: मा, ही काय बोलतेय ऐकलंस का?

मा: ऐकलं. भांडा. पण धरून भांडा.

डॉरीन: जुलैपासून? जुलैत तू माझ्या पलंगाशी बसून सूप भरवलंस. मी रडले तुझ्यासमोर. त्या रिकाम्या खुर्चीचं सांगून रडले, आणि तू माझा हात धरून बसलीस. तेव्हा माहीत होतं तुला?

ॲनिका: तेव्हा कळलं. त्याच दिवशी सोडणार होते. मग मार्टी घरी आला आणि म्हणाला, खाण या वेळी उघडेल असं वाटत नाही. मग मला वाटलं, हे सोडलं आणि बाकीचं जमलं नाही, तर?

डॉरीन: आणि मी? वेटिंगवरच चांगली दिसते?

ॲनिका: रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं. रोज.

डॉरीन: आणि जागा तुला मिळाली कशी तेही कळलं मला आता. आधीची डिग्री असली की तिचे जास्तीचे गुण. तू चित्रं बघितलीस त्याचे गुण आहेत. मी चौदा वर्षं लोकांचे डायपर बदलले, त्याचे काही नाहीत.

ॲनिका: नाहीत. मला मान्य आहे. बरोबर नाही ते.

डॉरीन: मान्य आहे म्हणे! मान्य करून वर बसलीय.

मा: भोक पडलं. तुझ्या बाजूला, डॉरीन. नखं लागली. कडेचं चिमूटभर घे आणि थापून लाव.

डॉरीन: लावते! लावते. ...बरं. आता मला एक सरळ सांग. तुला एक्स-रेचं शिकायचंय?

ॲनिका: चांगला कोर्स आहे. दोन वर्षं, डिग्री, हॉस्पिटलात नोकरी कायमची...

डॉरीन: ते मला नको सांगू, मला पाठ आहे. तुला शिकायचंय का? शिकायचं असेल तर हो म्हण, आत्ता, माझ्या तोंडावर. मी पुढच्या वर्षी परत उभी राहीन. चिडेन, चार महिने तुझ्याशी बोलणार नाही, नाताळात बोलेन. ते चालेल मला. पण वर्गात न बसता जागेवर बसून राहायचं, हे नाही चालणार.

ॲनिका: मी सोडते. आत्ता सोडते. ती जागा तुझीच आहे.

डॉरीन: ए, असलं दान नकोय मला! जन्मभर ऐकायचं, ॲनिकानं डॉरीनला जागा दिली. चर्चमध्ये सांगतील बायका. हिला काय हवंय ते हिला माहीत नाही, म्हणून माझ्या ताटात टाकतेय.

ॲनिका: मग मी काय करू?

डॉरीन: डोळे मीट.

ॲनिका: पीठ...

डॉरीन: पीठ मी धरलंय. मीट. कॉलेजचा पहिला दिवस. तू गाडीतून उतरलीस. कुठल्या इमारतीत शिरतेयस?

ॲनिका: मी उतरलेच नाही.

डॉरीन: म्हणजे?

ॲनिका: मला फक्त गाडी दिसते. पार्किंगमध्ये. मी आत बसलेय.

डॉरीन: इंजिन बंद केलंस?

ॲनिका: नाही. चालू आहे.

डॉरीन: अरे देवा.

मा: तिसरा कोर्स कोणता?

ॲनिका: काय, मा?

मा: तीन कोर्स म्हणालीस. एक बिलांचा. एक हा, हाडांचा. तिसऱ्याचं डॉरीननं विचारलं तर तू टिलीशी बोलायला लागलीस. आम्हाला सांगायचं नसलं की तू टिलीशी बोलतेस.

ॲनिका: तिसरा काही नाही. सहज टाकला होता.

डॉरीन: टिलीकडे बघू नको. इकडे बघ.

ॲनिका: पाण्याचा आहे.

डॉरीन: कसलं पाणी?

ॲनिका: प्यायचं. आपल्या जुन्या खाणीच्या खड्ड्यात तळं झालंय ना, तिथूनच येतं गावाला. ते स्वच्छ करून नळात सोडतात, तिथलं काम. वर्षाचं सर्टिफिकेट, मग राज्याची परीक्षा.

डॉरीन: म्हणजे हँक कोस्कीचं काम? टाकीवरचा हँक? तो तर दिवसभर बसून असतो.

ॲनिका: बसून नसतो. बघत असतो. कॉलेजनं एक दिवस दाखवायला नेलं होतं, डोक्यावर हेल्मेट घालून. मी गेले. टिलीला घेऊन जाता येत नव्हतं, म्हणून मार्टी खाली गाडीत बसला तिला घेऊन. तिथे सगळं शांत असतं, डॉरीन. मोठे हौद, आणि पाण्याचा आवाज. तो हँक एका काचेच्या कुपीत पाणी घेतो, उजेडाला धरतो, यंत्रात ठेवतो, आकडा बघतो. थोड्या वेळानं परत. काहीच झालेलं नसतं. तरी परत बघतो.

डॉरीन: आणि ते तुला आवडलं?

ॲनिका: मी घरी तेच करते. टिलीचा श्वास चालू आहे का, शेगडी बंद आहे का, मागचं दार लावलं का. परत उठून बघते. मार्टी म्हणतो, किती काळजी करतेस, डॉक्टरला दाखव. तिकडे सेंट पॉलला माझी आई पण तेच म्हणते. आणि त्या हँकनं मला काय विचारलं माहितेय? "रात्री झोप लागते का नीट?" मी म्हटलं, नाही. तर म्हणाला, "मग जमेल तुम्हाला."

डॉरीन: हँक असं बोलला? मी त्याला वीस वर्षं ओळखते, दोन वाक्यं नाही बोललाय माझ्याशी.

ॲनिका: पुढच्या वर्षी तो निवृत्त होतोय. त्याच्या जागी यायला कुणी नाही, म्हणाला.

मा: मग इतके दिवस बोलली का नाहीस?

ॲनिका: काय बोलू, मा? चार वर्षांची डिग्री घेतलेली मुलगी, आणि आता वर्षाचं सर्टिफिकेट. टाकीवर. आईला काय सांगू? ती मैत्रिणींना काय सांगेल? एक्स-रे म्हटलं की निदान पांढरा कोट तरी दिसतो डोळ्यासमोर.

डॉरीन: पांढरा नसतो. निळा असतो. मला माहितेय. ...खरं सांग. आत्ता रचलं नाहीस ना हे सगळं? मला जागा मिळावी म्हणून?

ॲनिका: नाही.

मा: रचलेलं नाही. टिली मघापासून चमचा आपटतेय, आणि हिनं एकदाही तिकडे पाहिलं नाही.

डॉरीन: मग डोळे मीट परत.

ॲनिका: पुरे ना आता.

डॉरीन: मीट म्हणते ना.

ॲनिका: ...उतरले.

डॉरीन: इंजिन?

ॲनिका: लक्षात नाही. बंदच असेल.

मा: फुलं दिसायला लागली. ठेवा आता खाली. सावकाश. हां. सुटलात.

डॉरीन: माझे दंड गेले. फोन कुठाय तुझा?

ॲनिका: हा. तूच दाब ना. माझ्या बोटांना पीठ आहे, उघडत नाही.

डॉरीन: अजिबात नाही. हात धू, पूस, आणि तुझ्या हातानं सोड. उद्या कुणी विचारलं तर मी हिसकावली असं नको. तिनं सोडली, मी घेतली. दोन वेगळ्या बायका, दोन वेगळी कामं.

ॲनिका: हं. नाव... कोर्स... "नक्की सोडायचा आहे का?" असं विचारतंय.

डॉरीन: बघ, फोनलासुद्धा तुझा स्वभाव माहीत झालाय.

ॲनिका: सोडला. बिलांचा पण सोडला. आता एकच राहिलाय.

मा: अक्रोड आणा इकडे. मध गार होतोय. पसरा कडेपर्यंत, आणि मध्ये ढीग करू नका.

ॲनिका: डॉरीन? बोल ना काहीतरी.

डॉरीन: वांडाचा फोन येईल का गं, सोमवारी?

ॲनिका: येईल. पहिला नंबर तुझाच आहे.

डॉरीन: मग मंगळवारी मी जाणार. वर्गात. चाळिशीला आले मी. पोरं असतील बाजूला, अठराची. शरीराची सगळी हाडं पाठ करायची असतात पहिल्याच महिन्यात. दोन वर्षं नुसती जागेसाठी भांडले, आत गेल्यावर काय करायचं याचा विचारच नाही केला. आणि सकाळी सहाला हॉस्पिटलात हजर. मी नापास झाले तर?

मा: आता ही सुरू झाली.

ॲनिका: मी घेईन तुझ्याकडून पाठ करून. नावं लक्षात ठेवणं मला जमतं. चित्रकारांची ठेवलीच ना.

डॉरीन: रागावलेय मी अजून तुझ्यावर. हे लक्षात ठेव आधी.

ॲनिका: ठेवलंय.

डॉरीन: नाताळापर्यंत.

ॲनिका: चालेल. पण मग गाडीत काय करायचं? कॉलेजला जायला तर आपल्याकडे एकच गाडी आहे. रोज शेजारी बसून जाणार आपण.

डॉरीन: गप्प बसून जायचं. हाडांची नावं तेवढी विचार.

मा: चादर उचला. दोन्ही टोकं. माझ्याकडे गुंडाळत या... अशी. छान झालीय. अगाथाला दाखवीन मी. ॲनिका, तुझी लेक परत कप पुढे करतेय.

ॲनिका: देते. ये, बाळा, पाणी हवंय?

मा: आधी नळ जरा वाहू दे.

ॲनिका: किती वेळ, मा?

मा: नेहमी देतो तेवढा. मला काय माहीत किती.

ॲनिका: बरं. वाहू देते. पुढच्या वर्षी मी तुम्हाला सांगेन.